एका ओळीत दोन रंग

विणकामाच्या पुस्तकांच्या प्रस्तावनांत एक वाक्य हमखास भेटते. ह्यातील नमुने निसर्गापासून स्फूर्ती घेऊन तयार केले आहेत, असे ते वाक्य. आमच्या कादंबऱ्यांच्या प्रस्तावनांतही ते अधूनमधून दर्शन देते. दोन्हीकडे त्याचा अर्थ साधारणपणे एकच निघतो: स्वेटरच्या छातीवर एक गुलाब असतो आणि तिसऱ्या प्रकरणाच्या आरंभी एक सूर्यास्त असतो. गुलाब नसता तरी स्वेटर तेवढाच उबदार झाला असता, आणि सूर्यास्त गाळला तरी नायिकेचे काही अडत नाही. हे दोन्ही गुन्हे मी स्वतः केलेले आहेत; म्हणूनच ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचा मला थोडासा अधिकार आहे असे मी समजते.

स्वेटरचा गुन्हा आधी सांगते. बारा वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या मुलासाठी मी एक पांढरा स्वेटर विणला आणि त्याच्या पोटावर एक पोपट काढला. चौकटीच्या कागदावर घरे मोजून आखलेला, गर्द हिरव्या लोकरीचा, चोचीपुरता लाल. पोर तेव्हा तीन वर्षांचे होते. उभे राहिले की पोपट बरा दिसे. खाली बसले की त्याची मान मोडून चोच पोटाच्या घडीत शिरे. मुलाने तो स्वेटर एकदा फोटोपुरता घातला आणि 'हा पोपट नाही, पान आहे,' असा निकाल देऊन काढून टाकला. माझ्या पहिल्या कादंबरीवर एका अनोळखी वाचकाचे पत्र आले होते, त्यातला निकालही ह्याच जातीचा होता. तीत मी दोन पाने पाऊस पाडला होता. पत्रात लिहिले होते, 'पाऊस छान आहे, पण तो पडतो कुणावर?' ते पत्र मी अजून जपून ठेवले आहे. तो पाऊस मात्र दुसऱ्या आवृत्तीत काढून टाकला.

पुष्कळ दिवस मला वाटत होते की दोष माझ्या हाताचा आहे. पण शाळेत चौथीच्या मुलांना निसर्गचित्र काढायला सांगावे, तर वर्गातली सारीच्या सारी मुले तेच चित्र काढतात: दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेत उगवता सूर्य, खाली वळणे घेणारी नदी, काठाला झोपडी आणि आकाशात काकपदासारखे दोन-चार पक्षी. आमच्या वर्गाच्या खिडकीतून खराखुरा डोंगर दिसतो. तो त्रिकोणी नाही; त्याचा माथा तासणीने तासावा तसा सपाट आहे. पण चित्र काढताना त्या खिडकीकडे एकही मूल मान वळवीत नाही. निसर्ग म्हणजे काय हे त्यांना आधीच ठाऊक असते! माझा पोपट आणि माझा पाऊस ह्याच पाठांतरातून आले होते.

ह्याहून वेगळ्या रीतीने निसर्ग कामात उतरू शकतो, हे मला एका बिनबाह्यांच्या स्वेटरने शिकवले. माझी एक जुनी विद्यार्थिनी स्कॉटलंडात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला येताना तिने तो माझ्यासाठी आणला: शेटलंडच्या लोकरीचा, हाताने विणलेला, ज्याला जगभर 'फेअर आइल' म्हणतात त्या पद्धतीचा. पहिल्या दिवशी मला तो जरासा उदासच वाटला. तपकिरी, करडा, मळकट पांढरा. लांबून पाहिले तर ओल्या मातीसारखा. त्याच्यावर पान नाही, फूल नाही, पक्षी नाही. नुसते षट्कोन आणि फुल्या, फुल्या आणि षट्कोन, आडव्या पट्ट्यांनी. चार दिवसांनी मी तो उजेडात नेऊन एकेक ओळ वाचू लागले आणि कविता वाचताना व्हावे तसे झाले. थांबावे लागले, मागे जावे लागले.

एक पट्टा उलगडून सांगते. तो सतरा ओळींचा आहे. खालच्या कडेला जमीन काळसर तपकिरी आणि तिच्यावर नक्षी करडी. दोन-तीन ओळींनी जमीन किंचित उजळते, तांबूस तपकिरी होते. तेवढ्यात नक्षीही उजळून फिक्या वाळूच्या रंगावर येते. आणखी वर जमीन मधासारखी आणि नक्षी सायीसारखी. दोघी बरोबरीने उजळत जातात, पण दोघींमधले अंतर मोडत नाही. मग नवव्या, अगदी मधल्या ओळीत जमीन एकाएकी तांबडी होते. मंजिष्ठाचा असतो तसा तांबडा. एकच ओळ! दहाव्या ओळीपासून सारे आल्या वाटेने परत फिरते: मध, तांबूस, काळसर. सतरा ओळींत सात रंग आले, पण कोणत्याही एका ओळीत दोनांहून अधिक रंग नाहीत. हाच ह्या विणकामाचा मुख्य कायदा. एका ओळीत दोन धागे. जो टाका विणायचा त्याचा धागा पुढे, दुसरा मागच्या अंगाने सैल चालत राहतो. त्यामुळे कापड दुहेरी होते आणि वारा अडतो. मोठ्या पट्ट्यांच्या मधे तीन, पाच किंवा सात ओळींच्या बारीक पट्ट्या असतात; तिकडच्या बोलीत त्यांना 'पीरी' म्हणजे चिमुकल्या म्हणतात. साऱ्या विषम संख्येच्या, कारण परत फिरायला मधली ओळ लागते.

आता ह्यात निसर्ग कुठे आला, असे कोणी विचारील. तो पहिल्यांदा मेंढीच्या अंगावर आला.

फेअर आइल हे ऑर्कनी आणि शेटलंड ह्या द्वीपसमूहांच्या मधले, जेमतेम तीन मैल लांब आणि दीड मैल रुंद बेट. आज तिथे शंभर माणसेही राहत नाहीत. शेटलंड साठाव्या अक्षांशावर आहे. तिथे झाडे जवळजवळ नाहीत. डिसेंबरात सहा तासांचाही दिवस नसतो, आणि जूनमध्ये रात्रीचा पुरता अंधार होतच नाही. त्या रात्रभर रेंगाळणाऱ्या संधिप्रकाशाला तिथली माणसे 'सिमर डिम' म्हणतात. तिथली मेंढी लहान, काटक आणि नाना रंगांची. उन्हाळ्याच्या आरंभी तिची लोकर आपोआप सुटू लागते. पूर्वी ती कातरीत नसत, हाताने उपटून घेत. ह्या मेंढ्यांच्या रंगांना जुन्या नॉर्न भाषेतून आलेली नावे आहेत आणि ती मोठी रसाळ आहेत. 'मूरिट' म्हणजे तांबूस तपकिरी, 'मिओगेट' म्हणजे मधाचा, 'एमस्केट' म्हणजे धुरकट निळसर करडा, आणि 'शेला' म्हणजे काळ्या दंवासारखा पोलादी करडा. (आमच्या खांद्यावरच्या शेल्याशी ह्या शेल्याचे काही नाते नाही, पण शब्द ऐकून मला आनंद झाला हे कबूल करते.) ज्या भाषेत करड्या रंगाला इतकी नावे आहेत, तिथल्या बायकांना कोणता करडा कोणत्या तपकिरीशेजारी बसवावा हे वेगळे शिकवावे लागले नसेल.

माझ्या स्वेटरातले उजळत जाऊन परत मंदावणारे पट्टे पाहिले की तिथला पहाट-सांजेचा लांबलचक खेळ मला दिसू लागतो. विणणारीच्या मनात ते होते की नाही, मला सांगता येणार नाही. पण एवढे खरे की तिने उजेडाचे चित्र काढलेले नाही. उजेड ज्या रीतीने वाढतो ती रीत तिने टाक्यांत उचलली आहे. माझ्या पोपटात आणि ह्यात जो फरक आहे तो हा.

मात्र इथे स्वतःलाच एक चिमटा काढणे भाग आहे. मातकट रंग म्हणजे निसर्गाचे रंग, असे आपल्या अभिरुचीने ठरवून टाकले आहे. ह्या पद्धतीचे एकोणिसाव्या शतकातले जे जुने नमुने शिल्लक आहेत ते मुळीच मातकट नाहीत. त्यांत मंजिष्ठाचा तांबडा आहे, निळीचा गडद निळा आहे, ठसठशीत पिवळा आहे. मंजिष्ठ आणि नीळ ह्या बेटावर पिकणाऱ्या वस्तू नव्हेत. त्या व्यापाऱ्यांकडून विकत घेतलेल्या. म्हणजे त्या बायकांनी पैका मोजून, आपल्या करड्या आभाळाखाली जे नव्हते ते आणले आणि अंगावर घातले. हीही निसर्गाला दिलेली दादच म्हणायची, पण उलटी. ज्या डोळ्यांना सहा महिने रंगांचा उपास घडतो, त्यांनाच एका तांबड्या ओळीची किंमत कळते. ती ओळ सतरांत एकच का, हेही मग कळते.

ह्या नक्षीच्या जन्माविषयी एक रोमांचकारी दंतकथा आहे. १५८८ साली स्पॅनिश आरमाराचे 'एल ग्रान ग्रिफोन' नावाचे जहाज फेअर आइलच्या खडकांवर फुटले. वाचलेल्या खलाशांनी बेटावर काही आठवडे काढले. जहाज फुटले हा इतिहास आहे. त्या खलाशांनी बेटावरच्या बायकांना नक्षी शिकवली, ही मागाहून जोडलेली गोष्ट आहे आणि तिला पुरावा नाही. गोष्ट का रचली गेली हे ओळखणे अवघड नाही. गरीब बायकांनी आपल्या अकलेने काही सुंदर केले असेल हे जगाला सहसा पटत नाही; त्यासाठी जहाज फोडावे लागते! पुढे १९२२ साली इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे नंतरच्या आठव्या एडवर्डने, सेंट अँड्र्यूजच्या गोल्फच्या मैदानावर असा स्वेटर घातला आणि ही वीण साऱ्या युरोप-अमेरिकेत फॅशन झाली. बेटावरच्या सुयांना एकाएकी उसंत मिळेनाशी झाली.

त्याआधी त्या सुयांचे दिवस कसे होते ह्याचा एक सरकारी दाखला आहे, आणि स्फूर्तीविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा असे मला वाटते. १८७२ साली शेटलंडमधल्या 'ट्रक' पद्धतीची चौकशी झाली. ट्रक म्हणजे कामाचा मोबदला रोख न देता मालात देणे. आयुक्त विल्यम गथ्री ह्यांच्यापुढे विणकाम करणाऱ्या बायकांनी साक्षी दिल्या. त्या वेळी विकले जाई ते मुख्यतः शाली, मोजे, असले काम. बाई शाल घेऊन दुकानात जाई. दुकानदार तिला पैसे देत नसे, चहा किंवा कापड देई. घरात पीठ हवे असले तर तोच चहा आणि तेच कापड घेऊन तिने दुसऱ्या कोणाच्या दारी जायचे आणि मिळेल त्या भावाने मोडायचे. आज त्यांच्या वारशाच्या स्वेटरांवर आपण उजेड-अंधाराची भाषा बोलतो, मीही वर बोलले. बोलावे, त्यात चूक नाही. पण त्यांना त्या काळी कोणी विचारले असते की बाई, तुमची स्फूर्ती कोणती, तर त्यांनी पिठाचा डबा दाखवला असता अशी मला शंका आहे.

आणि हे फार दूरचेही नाही. आमच्या दख्खनच्या मेंढीची काळी-पांढरी लोकर धनगर कातरतो, सूत काततो. सणगर ते मागावर विणतो, चिंचोक्याची खळ देतो आणि घोंगडी तयार होते. तिच्यातही मेंढीने दिले तेच रंग. काळ्या अंगाला कडेची एखादी पांढरी रेघ, बस्स. ती रेघ नेमकी कुठे थांबवावी हे सणगराला कळते. आमच्या समीक्षेच्या पुस्तकांत त्या रेघेविषयी मी अजून एक ओळ वाचलेली नाही. असो.

ह्या वारशाला हात घातलेल्या दोन आधुनिक कलावंतांची कामे मला गेल्या दोन वर्षांत छापील चित्रांतून नीट पाहता आली. त्यांच्याविषयी माझे मत मांडते.

पहिले कॅफ फॅसेट. जन्म १९३७, सॅन फ्रान्सिस्कोचा. हा मूळचा चित्रकार. १९६४ साली इंग्लंडात आला. स्कॉटलंडच्या सहलीत एका गिरणीत त्याला शेटलंडच्या लोकरीत तेच रंग दिसले जे बाहेरच्या डोंगरउतारांवर होते. त्याने वीस रंग आणि सुया विकत घेतल्या, आणि परतीच्या आगगाडीत एका सहप्रवासी बाईकडून विणणे शिकून घेतले. पुरुषाने आगगाडीत बसून सुलट-उलट शिकावे, हे मला त्याच्या साऱ्या कीर्तीहून अधिक आवडते. १९८५ साली 'ग्लोरियस निटिंग' हे त्याचे पुस्तक आले. १९८८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्याचे प्रदर्शन भरले. हयात वस्त्रकलावंताचे तिथे भरलेले ते पहिलेच एकट्याचे प्रदर्शन.

फॅसेटची वीण साधी आहे. अवघड टाक्यांच्या वाटेला तो जात नाही. त्याची सारी भिस्त रंगांवर आणि रंगांच्या संख्येवर. जिथे दुसरा कोणी तीन निळे घेईल तिथे तो तेरा घेतो. परिणाम दिपवणारा होतो, हे निर्विवाद. त्याने हजारो बायकांची (आणि पुरुषांचीही) रंगांची भीती घालवली. हे श्रेय लहान नाही. तरीही त्याची पाने उलटताना तासाभराने माझे डोळे थकले. दिवाळीच्या फराळाच्या ताटासारखे ते आहे. पाचव्या घासाला शेव कोणती आणि चकली कोणती हे जिभेला उमगेनासे होते. मला वाटते, त्याचे कारण असे की निसर्ग त्याच्याकडे पुष्कळदा दुसऱ्या हाताने येतो. चिनी कुंभावरचे फूल, गालिच्यावरची वेल, जुनी फरशी, असे ते सामान. दुसऱ्याने एकदा निवडलेले तो पुन्हा उचलतो, आणि उचलताना नकार देत नाही. जिथे त्याला नकार द्यावाच लागतो तिथे तो थोर आहे. 'टम्बलिंग ब्लॉक्स' हा त्याचा नमुना पाहा. ठोकळ्यांवर ठोकळे रचल्याचा भास व्हायला प्रत्येक ठोकळ्याची एक बाजू उजळ, एक मध्यम, एक काळोखी ठेवावीच लागते. रंग कितीही वापरा, पण हा हिशेब चुकला की ठोकळे कोसळले! ह्या हिशेबाने त्याचा हात आखडला आणि कामाला ठाव मिळाला.

दुसरी अ‍ॅलिस स्टारमोर. ही हेब्रिडीजमधल्या लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवेची, गेलिक मातृभाषेची. तिचे फेअर आइल विणकामावरचे पुस्तक १९८८ चे, फॅसेटच्या प्रदर्शनाच्याच सालचे. पण माणसे दोन टोकांची. एका ओळीत दोन रंग हा कायदा ती मोडत नाही. आपल्या लोकरीच्या छटांना ती आपल्या मुलखातली नावे देते, समुद्रकाठच्या कुरणाचे, समुद्रपक्ष्याचे, लोककथेतल्या सीलमाशाचे. नावे कोणीही देईल. मला महत्त्वाचे वाटते ते धाग्याचे घडणे. तिची छटा एकरंगी नसते. लोकर आधी रंगवतात, मग निरनिराळ्या रंगांचे तंतू एकत्र पिंजून त्यांचा एक धागा काततात. लांबून हिरवा दिसणारा धागा डोळ्यांजवळ धरला की त्यात पिवळा, निळा, कुठे गंजासारखा तांबूस असे कण दिसतात. कुठलेही माळरान असेच असते. हिरवे म्हणून जवळ जावे तर हिरवे फार थोडे निघते.

स्टारमोरच्या बाजूने माझे मत झुकते हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. तिच्यातही उणे आहे. तिची शिस्त कधी कधी इतकी कडक होते की विणणारीला स्वतःचे काही म्हणायला जागाच राहत नाही. नमुना बरहुकूम उतरवायचा, एवढेच हातात उरते. फॅसेट निदान म्हणतो की तुमच्या पेटीतली उरलीसुरली लोकर काढा आणि बसा. पण पाहण्याच्या कसोटीला लावले तर स्टारमोर खरी उतरते. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) ज्यांनी वाचले आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. तिथे 'वसंत आला' म्हणून भागत नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या झाडाचे, कोणते पान, हे सांगावे लागते.

अलीकडे आणखी एक प्रकार निघाला आहे, तापमानाच्या चादरींचा. प्रत्येक अंशाला रंग ठरवून ठेवायचा आणि रोज एक ओळ त्या दिवसाच्या तापमानाप्रमाणे विणायची. वर्षाअखेर चादर तयार. रंगांची निवड आपण करायचीच नाही, आकाश करील. कला म्हणून मी ह्याला फार वर बसवणार नाही. ही रोजनिशी आहे, आणि पुष्कळ रोजनिश्यांप्रमाणे कंटाळवाणी होते. पण एका चादरीने मला गप्प केले. रीडिंग विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञ एली हायवुड ह्यांनी २०१७ साली क्रोशाने बाळासाठी एक दुलई विणली. तिची एकेक ओळ म्हणजे पृथ्वीच्या एकेका वर्षाचे तापमान. एका टोकाला निळ्या-जांभळ्या ओळी, दुसऱ्या टोकाकडे जाताना लाल. पुढल्याच वर्षी त्यांचे सहकारी एड हॉकिन्स ह्यांचे जे रंगीत पट्टे जगभर गाजले त्यांच्या मागे ही दुलई होती. त्या लाल टोकाखाली बाळ निजायचे आहे. ही स्फूर्ती नव्हे, ही नोंद; पण पाऊस कुणावर पडतो ह्या प्रश्नाला तिथे उत्तर आहे.

गेल्या आश्विनात मी चौथीच्या वर्गाला खिडकीजवळ बसवले आणि सांगितले, समोरच्या डोंगराचे रंग लिहा. मात्र 'हिरवा' हा शब्द लिहायचा नाही. पाच मिनिटे कोणी पेन्सिल उचलली नाही. मग एकाने लिहिले, बाजरीच्या कणसाचा. मग धीर चेपला. गोवरीचा. गुळाचा. पारव्याच्या मानेचा. ओल्या कातळाचा. वाळल्या गवताला एका मुलीने 'म्हाताऱ्या आजीच्या केसांचा, मेंदी लावलेल्या' असे लिहिले; तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले. शेवटच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, 'बाई, पण ओढ्याच्या कडेला हिरवा आहेच. तेवढाच आहे.' पाहिले तर खरेच होते. साऱ्या डोंगरावर ओढ्याची एक रेघ तेवढी हिरवी राहिली होती.

ती यादी घेऊन मी तालुक्याच्या दुकानात गेले. आपल्याकडे लोकर म्हणून मिळते ते बहुधा अ‍ॅक्रिलिक असते. गुळाचा रंग मिळाला, कणसाचा मिळाला, गोवरीच्या रंगासाठी दुकानदाराने मला तीनदा नीट पाहून घेतले. शेटलंडच्या बायका स्वेटर गोल विणतात आणि बाह्यांच्या जागी सरळ कात्री चालवतात. त्यांच्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात, टाके सुटत नाहीत. आमच्या निसरड्या धाग्यावर ते धाडस मला झाले नाही. बगलेपर्यंत गोल विणले, पुढे पाठ-पोट वेगळे केले. पहिला पट्टा दोनदा उसवला. गूळ आणि कणीस दिवसा एकमेकांहून पुरते निराळे वाटत. संध्याकाळी डोळे किलकिले करून पाहिले तर दोन्ही एकच, नक्षी बुडालेली. दोन्हींचा उजळपणा सारखाच होता. रंगाचे नाव वेगळे असून भागत नाही, हे हातांना कळायला मला आठ दिवस लागले. गुळाची जमीन ठेवून तिच्यावर केसांचा फिका रंग घातला तेव्हा नक्षी वर आली.

मधल्या ओळीसाठी हिरवा हवा होता, एकाच ओळीपुरता. बाजारातला कोणताच हिरवा मनास येईना. मग बहिणीच्या घरच्या पेटीतला तो पोपट आठवला. बारा वर्षांनी तो उसवायला बसले. उसवलेली लोकर कुरळी निघते. ती लडी करून पाण्यात बुडवली, खाली तांब्या बांधून दोरीवर टांगली आणि सरळ करून घेतली. दोनशे चार टाक्यांच्या तीन ओळी झाल्या, प्रत्येक पट्ट्यात एक. टीचभर धागा उरला.

भाचा आता पंधरा वर्षांचा आहे. पाडव्याला त्याने स्वेटर घातला, आरशासमोर उभा राहिला, मग खाली बसून पाहिले. छातीवरच्या मधल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, 'मावशी, हा रंग मी कुठेतरी पाहिलाय.'